पांढरी दोनच्या किंचित वरचा षड्ज

गिरगावातल्या आमच्या घरी रविवारी सकाळी साडेसहा ते आठ हा वेळ जॅझचा असतो, कारण त्यानंतर खाली गाड्यांचे भोंगे सुरू होतात आणि डबल बास या मोठ्या तंतुवाद्याचे खर्जातले स्वर त्यांत बुडून जातात. वीस वर्षांत चोरबाजारातून, निवृत्त होऊन गोव्याला परतणाऱ्या एका वादकाच्या घरातून आणि २०१६ साली बंद होईपर्यंत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून जमवलेल्या दोनशेच्या आसपास तबकड्या लोखंडी कपाटात उभ्या ठेवलेल्या आहेत. त्या आडव्या रचल्या की वाकतात, आणि मुंबईचा पावसाळा असा की जुलैमध्ये वेष्टनांवर पांढरी बुरशी धरते. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब टाकून मऊ फडक्याने एकेक तबकडी खाचांच्या दिशेने पुसावी लागते. या कामाचा मला कंटाळा येत नाही. पुसताना जी हाती येते तीच त्या दिवशी लागते, आणि एरवी वर्षभर विसरलेले वादक अशा वेळी भेटतात.

सर्वांत जास्त वेळा लागलेली तबकडी अर्थातच ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ आहे. १९५९ साली न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या स्टुडिओत २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत ती ध्वनिमुद्रित झाली. जॅझच्या चाहत्यांमध्ये हे नाव सांगणे म्हणजे आंबे आवडतात असे सांगण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. पण पेटीवर बोटे फिरलेल्या माणसासाठी या तबकडीत एक खास गंमत आहे. पहिल्या बाजूवरची पहिली रचना, ‘सो व्हॉट’, जवळजवळ नऊ मिनिटे दोनच स्वरसप्तकांवर उभी आहे. पांढरी दोनला, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला, षड्ज मानून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की कोमल गंधार आणि कोमल निषादाचा आपला काफी थाट, म्हणजे ठरावीक सात स्वरांचा संच, मिळतो, आणि सोळा मात्रांच्या नव्हे, सोळा मापांच्या (पाश्चात्त्य संगीतातल्या ‘बार’च्या) मुक्कामानंतर तोच थाट आठ मापांपुरता काळी दोनवर, म्हणजे लगतच्या वरच्या काळ्या पट्टीवर, सरकतो व पुन्हा खाली येतो. पॉल चेंबर्सचा बास प्रश्न विचारल्यासारखा मुखडा वाजवतो आणि बाकीचे दोन स्वरांत उत्तर देतात. त्यानंतर कोल्ट्रेन जेव्हा आपला टेनर सॅक्सोफोन उचलतो, तेव्हा एकाच थाटात इतका वेळ राहून कोणी बढत करत असेल, तर ते ऐकायला कोणत्याही वेगळ्या शिक्षणाची गरज पडत नाही.

आई तरुणपणी गाणे शिकली आणि अजून रोज पेटी उघडते. चार वर्षांपूर्वी एका रविवारी ती या तबकडीबरोबर पेटी धरू लागली आणि दोनच मिनिटांत भाता सोडून म्हणाली, “अरे, तुझं यंत्र चढं लागतंय. धड पांढरी दोन नाही, धड काळी दोन नाही.” मला तो यंत्राचा दोष वाटला. मी तबकडी फिरवणारा पट्टा बदलला, मग १८० रेघा छापलेला कागद फिरत्या तबकडीवर ठेवून जुन्या ट्यूबलाइटखाली पाहिला. पन्नास हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे बरोबर पडत असतील, तर त्या रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात, आणि त्या थांबलेल्या होत्या. दुरुस्तीवाल्याने तरीही मोटर बदलायला लावली. त्याचे पैसे गेले ते गेलेच.

उलगडा झाला तो दुसरी बाजू लावल्यावर. ‘ऑल ब्लूज’ची पांढरी पाच आईच्या पेटीशी नेमकी जुळली. शोध घेतल्यावर कळले की मार्चच्या सत्रातले ज्या टेपयंत्रावरून तबकडी निघाली, ते मुद्रण करताना थोडे हळू फिरत होते. साहजिकच नेहमीच्या वेगाने वाजवताना सूर चढला, आणि त्या दिवशीच्या तीन रचना असलेली संपूर्ण पहिली बाजू जगभर तशीच विकली गेली. हा सूर १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त झाला. म्हणजे त्याआधीची तेहतीस वर्षे ज्यांनी ज्यांनी घरी तबकडीबरोबर वाजवून पाहिले असेल, त्यांनी आपले वाद्य तरी उतरलेले समजले असेल किंवा कान तरी.

दुरुस्त आवृत्तीची सीडी मी घेतली. तिच्यात बास जरा भारदस्त लागतो, माइल्सचा ट्रम्पेट थोडा अधिक निवांत वाटतो, आणि ‘ब्लू इन ग्रीन’मधला बिल एव्हान्सचा पियानो तर मला तिथेच जास्त आवडतो. तरी रविवारी हात जुन्या तबकडीकडेच जातो, कारण माझ्या कानात बसलेला ‘सो व्हॉट’ तो चढाच आहे. पहिली बाजू चालू असेपर्यंत आई पेटी झाकून चहा घेत बसते. सुई उचलून मी तबकडी उलटली की ती कप बाजूला ठेवते, झाकण उघडते आणि पांढरी पाच धरते.