तरवडाला पैसे

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मंडईबाहेर एक बाई पाटीत पिवळ्या माळा घेऊन बसली होती. झेंडू समजून पुढे जाणार, तेवढ्यात पाकळ्यांवरच्या शिरांची जाळी दिसली आणि पाय थांबले. तरवड! आमच्या करमाळ्याकडच्या माळावरचा, शेळ्यासुद्धा ज्याला तोंड लावत नाहीत तो तरवड. भाव विचारला. म्हणाली, "चाळीसला एक."

घेतली. न घेऊन सांगते कुणाला?

वर्षभर कुणी ढुंकून न बघितलेलं हे झुडूप. पुरुषभर उंचीचं, तळापासून फांद्या फुटलेलं, बांधावर, वाटेच्या कडेला, जिथे दुसरं काही येत नाही तिथे हमखास उभं. आणि शेळ्या खात नाहीत म्हणून चराईत बाकी सगळं साफ झालं तरी हे राहतंच. शास्त्रातलं नाव सेना ऑरिक्युलाटा. ऑरिक्युलाटा म्हणजे कानवाला. पानाच्या देठाशी, फांदीला चिकटून, खरंच दोन छोटे हिरवे कान असतात. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 साली ते टिपले आणि त्यावरून नाव ठेवलं. मी लहानपणी हजार वेळा ही फांदी मोडली असेल, पण कान मला पुस्तकात वाचल्यावर दिसले. त्याने तेव्हा याला बहाव्याच्या कुळीत, म्हणजे कॅशियात बसवलं होतं. नंतर रॉक्सबर्ग नावाच्या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला सेनात नेलं. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो तो टाकळाही याच घरचा. चेहरेपट्टी बघितली तर पटतं.

फुलाची मात्र खरी गंमत आत आहे. पाच पिवळ्या पाकळ्या, दहा पुंकेसर. दहापैकी वरचे तीन नुसते नावाला, त्यांच्यात पराग नाहीत. मधले आखूड, आणि खालचे लांब, बाहेर वाकलेले. या फुलात मध नाही. थेंबभरही नाही! पाहुण्याला द्यायचे ते फक्त पराग, आणि तेही कुलपात: परागकोश उभे चिरत नाहीत, त्यांच्या टोकाला बारीक भोक असतं, तिखटमिठाच्या डबीसारखं. डबी हलवल्याशिवाय काही पडत नाही.

हलवायला येतो तो काळा भुंगा. फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता अंगातले पंखांचे स्नायू थरथरवतो. घुंऽऽ असा आवाज उडतानाच्या आवाजापेक्षा बारीक, चिरका. त्या कंपाने पराग भसकन बाहेर येतात. आखूड पुंकेसरांतले त्याच्या पोटासाठी. लांब वाकड्यांतले त्याच्या अंगाला अशा जागी लागतात की पुढच्या फुलाच्या कामी यावेत. मधमाशीला हे थरथरणं जमत नाही, ती आपली सांडलेलं वेचते. दुपारी माळावर गेलात तर आधी ऐकायला येईल, मग दिसेल. आम्ही पोरं त्या भुंग्याला भिऊन माळेसाठी फुलं सकाळीच तोडायचो. आजी म्हणायची, "कळ्याही आणा गं, उद्याला उमलतात." तिच्या घटावर रोज एक माळ चढायची. कारळ्याची फुलं मिळाली तर मध्ये तीही, पण तरवड नसला तर तिला माळ झाल्यासारखी वाटायचीच नाही.

याची साल कातडी कमवायला वापरायचे. बाभळीच्या सालीसारखीच तुरट. मोटा, चपला, पखाली, सगळ्यात हा माळावरचा तरवड मुरलेला असणार. देवीच्या घटावरही हाच आणि चांभाराच्या कुंडातही हाच, पण गावात त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं, बाकीच्या शिवाशिवीबद्दल मात्र फार वाटायचं.

तिकडे तेलंगणात तर याचा थाटच वेगळा. तिथे तो तंगेडू. त्याच नवरात्राच्या सुमाराला बायका फुलांचे थर रचून बतुकम्मा देवी उभी करतात, त्यात तंगेडू लागतोच. 2014 साली राज्य झालं आणि त्याच वर्षी त्यांनी तंगेडूला राज्यफूल केलं. तमिळ लोक आवारमपू म्हणतात, वाळवून त्याचा काढा पितात. त्यांची म्हण अशी की आवारम फुललेला असताना मेलेला माणूस कुणी पाहिलाय का? आपल्याकडे वैद्य याला आवर्तकी म्हणतात आणि मधुमेहावर बिया सांगतात. मी काही खाऊन बघितलेल्या नाहीत.

शहरात तरवड म्हणून भलतंच दाखवणारे पुष्कळ. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी पिवळ्या घंटांचा टेकोमा आहे. शेजारच्या काकूंनी दोन वर्षं त्याच्याच माळा घातल्या. मी सांगितलं नाही. देवी काही तक्रार करत नव्हती.

परवा रात्री घट मांडून झाल्यावर गावाकडे काकींना फोन लावला. पाऊस कसा झाला, कांदा केवढ्याला गेला, सगळं झालं. मग म्हणाल्या, "माळ कशाची घातलीस?"

"तरवडाची."

"आँ? तिथं कुठून आणलास?"

"मंडईतनं. चाळीस रुपये."

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग फोन कानापासून लांब धरून ओरडल्याचा आवाज आला, "अहो, ऐकलं का? पुण्यात तरवडाला पैसे घेतात!"