पडवीतून गोठ्यात : आमची वाटचाल

आमच्या धंद्याची पहिली जागा म्हणजे घराची पडवी. आबा कुडाळ पंचक्रोशीत लोकांच्या घरी जाऊन दारं-खिडक्या बसवायचे आणि उरलेल्या वेळात पडवीत पाट, चौरंग, देव्हारे करायचे. रंधा, पटाशी, वाकस, करवत, गुण्या, एवढ्यावर सगळं काम. आयटीआय करून मी हाताशी आलो, तसं आधी कटर मशीन आलं, मग रंधा मशीन, मग एक जुना लेथ. जिथे कोपरा सापडला तिथे मशीन बसलं. लांब फळी रंध्यावर घालायची तर आधी कटर ओढून बाजूला करायचा, आणि भुसा थेट स्वयंपाकघरात. आईने हे बरीच वर्षं सोसलं.

2021 मध्ये शेवटची म्हैस विकली आणि गोठा मोकळा झाला. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, जागा ऐसपैस. कोबा घालून झाल्यावर मशीन हलवण्याआधी आम्ही जमिनीवर खडूने आखणी केली : लाकूड कुठून आत येणार, कापून कुठे जाणार, रंधून कुठे, जोडून कुठे, पॉलिशला कुठे. मशीनपेक्षा त्याच्या मागची-पुढची मोकळी जागा मोठी लागते. दहा फुटी फळी रंधायची तर अलीकडे दहा फूट हवेत आणि पलीकडेही दहा. गोठ्याची लांबी त्याला पुरेना. मग रंध्याच्या बरोबर रेषेत चिऱ्याच्या भिंतीत एक आडवं भोक पाडलं. आता फळीचं टोक अंगणात निघतं आणि तिथे रोलरच्या घोडीवर टेकतं. पावसात त्यावर पत्र्याची झडप. पाहुण्यांना हे भोक बघून हसू येतं, पण आमच्या कारखान्यातली सगळ्यात स्वस्त आणि कामाची सुधारणा तीच.

थ्री फेज मीटर घेतला, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. संध्याकाळी मोटर धापा टाकायची ती थांबली. धूळ ओढणारं मशीन घेतलं तेव्हा मात्र गावात चर्चा झाली, ‘भुश्यासाठी एवढे पैसे?’ लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने 1995 मध्येच जाहीर केलंय. सागाच्या धुळीने अंगाला खाज सुटते ती वेगळीच. कटर आणि रंधा या दोघांना चार इंची पाइप जोडलाय. झाडू मारणं सुटलेलं नाही, पण नाकाला फडकं बांधून काम करण्याचे दिवस गेले.

खरा खर्च केला तो कोरड्या खोलीवर. आमचा हंगाम गणपतीचा. चाकरमानी यायच्या आधी पाट, चौरंग आणि गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या माटवीची चौकट घरपोच व्हायला हवी, म्हणजे काम ऐन पावसात. हवेतली आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडात 20 टक्क्यांपर्यंत पाणी मुरतं; 65 टक्क्यांवर तेच 12 वर येतं. फूटभर रुंद सागाची फळी एवढ्या फरकात दोन-चार मिलिमीटर फुगते किंवा आकसते. इथे पावसात जोडलेला चौरंग मुंबईच्या एसीच्या खोलीत गेला की सांधे उघडतात. आबांचं म्हणणं एकच, ‘‘तू कितीव मशिनी हाड, पावसात लाकूड फुगतलाच.’’

त्यांचं खरंच आहे. म्हणून गोठ्याच्या एका टोकाला प्लायवूडची बंदिस्त खोली केली, फटी बुजवल्या आणि आत हवेतला ओलावा ओढून घेणारा डीह्युमिडिफायर ठेवला. त्याचं पाणी बादलीत साठतं ते आई झाडांना घालते. साग, शिवण, फणस, जे लाकूड असेल ते मध्ये पट्ट्या देऊन रचून ठेवतो. लाकडातलं पाणी मोजणारा मॉइश्चर मीटर 12 टक्के दाखवेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तरीसुद्धा पाटाच्या खालच्या आडव्या पट्ट्या आम्ही गोंदाने चिकटवत नाही. आत रुंद होत जाणाऱ्या डव्हटेल खाचेत सरकवून बसवतो, म्हणजे फळीला हलायला वाव राहतो. ही आबांचीच पद्धत, मीटर यायच्या कितीतरी आधीची.

सुतारकामातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो : सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत सुतार आहे. अवजारांसाठी 15,000 रुपये आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंतचं कर्ज 5 टक्के व्याजाने, अशी तरतूद आहे. आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं.

सध्या आबा, मी, धाकटा भाऊ आणि हाताखाली दोन मुलगे असे काम करतो. आषाढ लागला की त्या वर्षीच्या माटवीची नवी ऑर्डर घेत नाही. लाकूड खोलीत मुरायला वेळ द्यावा लागतो, आणि ओळखीपाळखीनेही तो कमी होत नाही. देव्हाऱ्याचं माप द्यायला यायचं असेल तर दुपारी जेवणानंतर या. सकाळी रंधा चालू असतो, बाहेरून मारलेली हाक आत ऐकू येत नाही.