‘तुमचीच माणसं, तुमचीच चौकशी’

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सभेत, परवा तर दातांच्या डॉक्टरकडे माझा आ वासलेला असताना, प्रश्न तोच: “साहेब, तुरुंगात शिपायानं बंद्याला मारलं तर चौकशीही तुमचीच माणसं करणार. मग दोषी निघणार कोण?” विचारणारा वर हसतो. उत्तर त्यानं घरूनच आणलेलं असतं.

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो. निवृत्तीपूर्वी कारागृह खात्याच्या एका विभागीय कार्यालयात कर्मचाऱ्यांच्या चौकश्यांवर देखरेख माझ्याकडे होती. प्राथमिक चौकशीचे अहवाल वाचायचे, त्रुटी काढून परत पाठवायचे, दोषारोपपत्राचा मसुदा तपासायचा. गुन्ह्याचा तपास आमच्या हातात नसतो, तो स्थानिक पोलीस ठाण्याचा. बंदी मेला तर न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होते. 2006 पासून ते कलम लागू आहे, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं 176 (1अ), आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 196. मानवी हक्क आयोगाला 24 तासांत कळवावं लागतं, शवविच्छेदनाचं चित्रीकरण होतं. म्हणजे माणूस मेला तर बाहेरचे डोळे येतात. जिवंत राहिला तर प्रकरण माझ्या टेबलावर.

आणि दोषी निघत नाहीत, हे धादांत खोटं आहे. 31 मार्च 2015 ला नागपूर मध्यवर्ती कारागृहातून पाच जण पळाले, तेव्हा निलंबनं झाली. बुटात मोबाइल, डब्यात गांजा नेणाऱ्यावर दोषारोपपत्र काढायला मला कधी अडचण आली नाही. कारण तिथं वस्तू असते. पंचनाम्यात तिचं वजन लिहिता येतं, सिमचा सीडीआर, म्हणजे कॉलची नोंद, मागवता येतो, गेटच्या रजिस्टरात वेळ असते. पळालेला बंदी गिनतीत कमी भरतो. मार खाल्लेला पूर्ण भरतो.

मारहाणीच्या प्रकरणांत मात्र तुमचं हसणं मला झोंबतं, कारण तिथं माझ्याकडे दाखवण्यासारखं फार नाही. एकच प्रकरण सांगतो.

एका न्यायाधीन बंद्यानं तारखेला न्यायालयात तळपाय दाखवले. न्यायालयाचं पत्र आलं, प्राथमिक चौकशी लागली. कारागृहाचा खुलासा: बाथरूममध्ये घसरून पडला. (सर्वोच्च न्यायालयाचा 1979 चा सुनील बत्रा निकाल वाचा. तिहारमध्ये पैशांसाठी छळलेल्या बंद्याच्या जखमेला मूळव्याधीचं कारण पुढे केलं गेलं होतं. त्या मानानं आमचा खुलासा आळशीच.) घसरणाऱ्याचे दोन्ही तळपाय सारखे सुजत नाहीत, असा शेरा मी मारला. सीसीटीव्हीचं चित्रीकरण मागवलं, तोवर त्यावर नवं चढलं होतं. दवाखान्याची नोंद दुसऱ्या दिवशीची, दोन ओळींची.

उरला एक साक्षीदार. त्याच बराकीतला, चोरीच्या गुन्ह्यात आलेला, विशीतला पोरगा. त्यानं हवालदाराचं नाव घेतलं, पट्टा कुठून आणला, पाय कुणी धरले, सगळं सांगितलं. आणि हेही की मारायच्या आधी हवालदारानं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं. शेकडो जबाब वाचल्यावर पढवलेला कुठला आणि पाहिलेला कुठला, हे कळायला लागतं. घड्याळाचं कुणी पढवत नाही.

हवालदाराला मी ओळखत होतो. त्याच्या मुलीच्या लग्नात जेवलो होतो. म्हणाल, मग तुम्ही देखरेख कशाला केलीत? अहो, खातं केवढं! एकमेकांच्या लग्नात न जेवलेला अधिकारी आणायचा कुठून? त्याच्या निलंबनाचा प्रस्ताव मीच पाठवला, हेही लिहून घ्या.

हवालदार निलंबित झाला, पण त्याच्या बरोबर भरती झालेले कामावर होते आणि पोराच्या बराकीची किल्ली त्यांच्याच हातात. तेव्हा न्यायालयाची परवानगी घेऊन पोराला दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारागृहात हलवलं. आदेशात कारण लिहिलं, ‘सुरक्षेच्या दृष्टीने’.

काही दिवसांनी त्याची आई माझ्या कार्यालयात आली. आधीचं कारागृह तिला एसटीनं दोन-अडीच तासांवर होतं. सकाळी निघून मुलाखत करून संध्याकाळी घरी. नव्या ठिकाणी जायचं तर रात्रीची गाडी, दोन दिवसांची मजुरी बुडणार. व्हिडिओवरची ई-मुलाखत तेव्हा नव्हती. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. “सायेब, लेकानं खरं सांगितलं म्हून त्याला लांब टाकलं का?” मी सांगितलं, त्याच्या भल्यासाठीच टाकलंय. ती म्हणाली, “मग ज्यानं मारलं, त्याला का नाई टाकलं लांब?” मी म्हणालो, तो निलंबित आहे, घरी आहे. “घरी?” एवढंच म्हणून ती बघत राहिली. निलंबनात निर्वाह भत्ता मिळतो, हे काही मी तिला सांगितलं नाही.

पुढे विभागीय चौकशी उभी राहिली. पोराला बंदोबस्तात आणलं. समोर हवालदार, शेजारी त्याचा बचाव सहायक, दाराशी गणवेशातला शिपाई. पोरगा म्हणाला, तेव्हा मी झोपलो होतो. जबाबावरची सही? माझीच आहे, पण वाचून दाखवलं नव्हतं. विभागीय चौकशीत फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, घडलं असण्याची शक्यता जास्त एवढं दिसलं तरी पुरतं. पण तेवढंही दाखवायला माणूस लागतो ना! मारहाण ‘सिद्ध होत नाही’. जखमेची नोंद वेळेत केली नाही, एवढा कसूर सिद्ध. एक वेतनवाढ रोखली.

मी असहमतीची टिपणी लिहिली. कारणं नोंदवून चौकशी अधिकाऱ्याचा निष्कर्ष नाकारता येतो. वरून एकाच ओळीची विचारणा आली: मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) टिकेल का? टिकलं नसतं बहुधा. की असतं? माझ्या टिपणीवर ‘नस्तीबद्ध करावे’, म्हणजे फाइल बंद, असा शेरा पडला.

नोकरीच्या उमेदीत मी एका प्रशिक्षण वर्गात ठासून सांगितलं होतं, चौकशी बाहेरच्यांकडे द्या, प्रश्न सुटेल. त्या तरुण अधिकाऱ्याशी मी अजून भांडतो. भायखळ्याच्या महिला कारागृहात 2017 मध्ये बंदी महिलेचा मृत्यू झाला, तेव्हा तपास पोलिसांकडेच होता आणि सहा जणींना अटकही झाली, हे तो मला ऐकवतो. बरोबर आहे. पण त्या मृत्यूनंतर आवाज उठवणाऱ्या बंदी महिलांवर दंगलीचा गुन्हाही नोंदला गेला, हे मी त्याला ऐकवतो. शिवाय तिथं मृत्यू झाला होता. बत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं थेट वकील आत पाठवले, कागद पाहायची आणि बंद्यांशी बोलायची मुभा देऊन, हा त्याचा दुसरा मुद्दा. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणतो की वकील संध्याकाळी बाहेर पडले आणि बंदी आतच राहिले.

मग पोराची बदली करायला नको होती का? तो म्हणतो, नको होती, आईची भेट हाच त्याचा आधार होता. मी म्हणतो, तिथं ठेवला असता तर जबाब आठवड्यात फिरला असता. त्यावर तो: तसाही फिरलाच ना?

हल्ली काही जण सुचवतात, अशा बंद्याची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सनं घ्यावी. घ्यावी की. हवालदार समोर नसेल, प्रवास वाचेल. पण कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, व्हीसीच्या खोलीच्या दारात शिपाई उभा असतो, आणि साक्ष संपल्यावर बंद्याला परत बराकीत सोडतो तोच. त्या जागी दुसऱ्या कुठल्या खात्याचा माणूस ठेवायचा, हे सुचवणाऱ्यांना मी विचारलं. अजून कुणी सांगितलेलं नाही.