तुम्ही विचारलंत म्हणून : बोलता न येणाऱ्या मुलासाठी टॅब कुठला घ्यावा?

"मुलगी सात वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी, बोलणं नाही, हातांवर ताबा नाही, समजही थोडी कमी आहे असं सांगितलंय. तिच्यासाठी कुठला टॅब घ्यावा?" वय बदलतं, निदानाचं नाव बदलतं, पण प्रश्न ठरलेला. (सेरेब्रल पाल्सी, म्हणजेच सीपी: मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं.)

उत्तर असं की इतक्यात कुठलाच घेऊ नका. टॅबच्या काचेवर पाऊण इंचाच्या चौकोनात नेमकं बोट टेकवणं आणि लगेच उचलणं, हे या मुलांना सगळ्यात अवघड जाणारं काम आहे. बोट घसरतं, तळहात टेकतो, पडदा तिसरीकडेच उडी मारतो. महिनाभरात टॅबवर कार्टून चालू लागतात आणि "हिला यात रस नाही" असा शिक्का बसतो. आधी शोधायची ती मुलाची एक भरवशाची हालचाल, आणि मग त्या हालचालीखाली ठेवायचं एक मोठं बटण. या बटणाला या क्षेत्रात स्विच म्हणतात. त्याने आधी सेलवरचं एखादं खेळणं चालवायचं, टॅब त्यानंतर.

हालचाल शोधण्याआधी बसणं बघा. कंबर खुर्चीच्या पाठीला टेकलेली, मांड्यांवरून मागे-खाली तिरका जाणारा पट्टा, गुडघे काटकोनात आणि पावलं कशावर तरी पूर्ण टेकलेली हवीत. पाय लोंबकळत असतील तर मुलाची सगळी ताकद धड सावरण्यात जाते, हाताला काही उरत नाही. खुर्चीखाली पाट किंवा जुन्या वह्यांचा घट्ट बांधलेला गठ्ठा सरकवला तरी हातात फरक दिसतो. समोरचा ट्रे कोपराच्या उंचीवर असावा. चाकाची खुर्ची किंवा सीपी चेअर केंद्राच्या ॲडिप या, अपंगांना साधनं देणाऱ्या योजनेतून मिळू शकते. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. मात्र खुर्ची मिळाली की ती मुलाच्या मापाला बसवून घ्यायचं काम उरतंच.

हालचाल म्हणजे हातच असं नाही. डोकं उजवीकडे टेकवणं, गुडघा बाहेर ढकलणं, कोपर मागे नेणं, पायाचा अंगठा दाबणं, काहीही चालतं. अशा प्रत्येक जागी बटण ठेवून दहा वेळा करून बघा आणि तीन गोष्टी लिहा: दाबता आलं का, किती वेळाने, आणि सोडता आलं का. सगळे पहिलं तपासतात, खरी मेख तिसऱ्यात असते. स्नायू ताठर असलेलं मूल बटण दाबतं आणि हात तिथेच अडकून राहतो. जिथे दाबायला थोडा उशीर लागतो पण सुटतं लगेच, ती जागा बरी.

आणखी एक घोळ नेहमी होतो. बटण उजव्या हाताखाली आणि खेळणं डाव्या बाजूला. काही मुलांमध्ये तान्ह्या बाळाची एक जुनी प्रतिक्षिप्त क्रिया टिकून असते: मान ज्या बाजूला वळते त्या बाजूचा हात ताठ होतो आणि दुसरा दुमडतो. खेळण्याकडे बघायला मान डावीकडे गेली की उजवा हात बटणावरून उठलाच. मूल हट्टी नसतं, मांडणी चुकलेली असते. खेळणं बरोबर समोर, डोळ्यांच्या पातळीला ठेवा.

आता बटण. तयार परदेशी स्विचला काही हजार रुपये पडतात. घरी बनवला तर सामान दोन-अडीचशेत येतं. १२ सेंटिमीटरचा चौकोनी प्लायवूडचा तुकडा तळाला, त्यावर एका कडेला छोट्या बिजागरीने जोडलेलं १० सेंटिमीटरचं झाकण. बिजागरीच्या समोरच्या कडेखाली पत्तीवाला मायक्रोस्विच. तो मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळतो, दुकानात 'लिमिट स्विच' म्हटलं तरी कळतं. त्याला तीन पाय असतात. 'कॉमन' आणि 'नॉर्मली ओपन' हे दोन जोडायचे. 'नॉर्मली क्लोज्ड'ला वायर लागली तर खेळणं आपोआप सुरू राहील आणि दाबल्यावर बंद पडेल. झाकण परत वर यावं म्हणून स्विचशेजारी स्पंजचा तुकडा. आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: झाकणाखाली दोन लाकडी ठोकळे. त्यांची उंची अशी ठेवा की 'टक्' झाल्यावर झाकण ठोकळ्यांवर टेकेल. ते नसले तर मुलाच्या पूर्ण वजनाखाली स्विचची पत्ती आठवड्यात वाकते. लाळ गळत असेल तर वर पातळ प्लास्टिक ताणून लावा. तळाला रबरी जाळी किंवा वेल्क्रो हवंच, कारण सरकणारं बटण कुणालाच दाबता येत नाही.

बटणाच्या वायरच्या टोकाला ३.५ मिलिमीटरची मोनो पिन (टोक आणि बूड असे दोनच भाग असलेली) लावा, आणि खेळण्याच्या बाजूला तिच्यासाठी सॉकेट. हे माप स्विचच्या जगात सगळीकडे चालतं, त्यामुळे उद्या विकतचा स्विच आणलात तरी तो याच खेळण्यांना बसेल. मोनो सॉकेट मिळालं नाही म्हणून स्टिरिओ सॉकेट (मध्ये आणखी एक कडं असलेलं) वापरलंत तर वायर टोकाच्या आणि बुडाच्या पायांनाच जोडा. टोकाऐवजी मधल्या कड्याला जोडली तर मोनो पिन घालताक्षणी कडं आणि बूड आपसात जुळतात आणि खेळणं बटण न दाबताच धावत सुटतं. वायरसाठी जुना इअरफोन कापायचा मोह टाळा. त्याच्या तारांवर लाखेसारखा लेप असतो, तो खरवडल्या-जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. बारीक तारांची साधी लवचिक वायर घ्या.

खेळण्याला भोक न पाडता हे जोडायची युक्ती म्हणजे सेलमध्ये सरकवायची चकती. जुन्या एक्स-रे फिल्मचा पट्टी-तुकडा, टोक गोल, पेन्सिल सेलसाठी साधारण १२ मिलिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना तांब्याची चिकटपट्टी, प्रत्येक बाजूला एक वायर. दोन्ही पट्ट्या कडेला एकमेकींना शिवता कामा नयेत, म्हणून दोन्हीकडून मिलिमीटरभर फिल्म उघडी सोडा. वायरींची दुसरी टोकं सॉकेटला. ही चकती सेल आणि खेळण्याची धातूची पट्टी यांच्यामध्ये खुपसायची, खेळण्याचं स्वतःचं बटण चालू ठेवायचं. वीज आता चकतीशी अडते आणि मुलाने स्विच दाबला की पुढे जाते. स्प्रिंगच्या बाजूला घालू नका, स्प्रिंग तांबं फाडते. सपाट पट्टीच्या बाजूला घाला. पण काही खेळण्यांत ती पट्टी प्लास्टिकच्या खोबणीत आत असते, चकती तिथपर्यंत पोचतच नाही. मग स्प्रिंगचीच बाजू, आणि फिल्मऐवजी दोन्ही बाजूंना तांबं असलेल्या पातळ पीसीबीचा (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीचा) तुकडा. सेलच्या झाकणाला कानशीने खाच पाडायला विसरू नका, नाहीतर वायर चेपून तुटते.

हे प्रत्येक खेळण्यावर चालत नाही. चालू केलं की चालत राहतं, असंच खेळणं लागतं: साबणाचे फुगे सोडणारं यंत्र, सेलवरचा पंखा, ढोलकी वाजवणारं माकड, गणपतीच्या आराशीत लावतात ती सेलवरची माळ. लुकलुकणारी माळ मात्र फिट्स येणाऱ्या मुलांसमोर नको. 'पोटावर दाबा, मी गाणं म्हणतो' अशा बाहुल्या वीज तुटून आली की पुन्हा दाबण्याची वाट बघत बसतात. त्यांच्या पोटातल्या बटणाच्या दोन पायांना समांतर वायरी सोल्डर कराव्या लागतात. रिचार्जेबल सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे दोन सेलांवरचं खेळणं किंचित मंद चालेल, घाबरू नका. काहीच चाललं नाही तर सॉकेटचे दोन पाय सेफ्टी पिनने जोडून बघा. खेळणं धावलं तर दोष स्विचमध्ये, नाहीतर चकतीत. आणि घरच्या २३० व्होल्टच्या कुठल्याही वस्तूला ही वायर लावायची नाही, मिक्सरला तर नाहीच.

मोठ्यांचं वागणं हा यंत्राचाच भाग समजा. बटण ठेवल्यावर "दाब, दाब, दाब ना बाळा" थांबवा. एकदा सांगायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला ऐकणं, समजणं आणि हात उचलणं यांना वेगवेगळा वेळ लागतो. चौथ्या सेकंदाला आपण पुन्हा बोललो की त्याचं काम पहिल्यापासून सुरू होतं. मदत लागलीच तर मनगट न धरता कोपराला हलका आधार द्या. बटणामुळे काहीतरी घडतंय हे मुलाला कळलंय की नाही, हे ओळखायची सोपी खूण आहे: हळूच पिन काढून ठेवा. दाबल्यावर काही झालं नाही आणि मुलाने खेळण्याकडे किंवा तुमच्याकडे बघितलं, तर कळलंय.

पण खेळणं पक्कं होईपर्यंत बोलणं थांबवून ठेवू नका, ही चूक थेरपीतही होते. पहिल्या आठवड्यापासून कागदाचा तक्ता हवा. चार चित्रं घ्या. तुम्ही एकेका चित्रावर बोट ठेवत मोठ्याने नाव घ्या, हवं तिथे मूल डोळे वर करेल, हसेल किंवा बटण दाबेल. यात मूल नुसतं 'हो' म्हणतं, शोधायचं काम तुमचं. खर्च शून्य, आणि टॅब आल्यावरही हा तक्ता लागतोच: आंघोळीच्या वेळी, एसटीत, चार्जिंग संपल्यावर.

तक्ता इंग्रजीवरून भाषांतरित करून घेऊ नका. इंग्रजी तक्त्यांत 'मला हवं' आधी आणि वस्तू नंतर येते. आपलं मूल घरात "पाणी दे", "बाबा कुठे" ऐकतं. म्हणून माणसं आणि वस्तू डावीकडे, 'दे, पाहिजे, संपलं, चल' उजवीकडे. 'नको' आणि 'नाही' यांना वेगवेगळी घरं द्या. "भात नको" आणि "भात नाहीये" यांतला फरक मुलाला कळतो, इंग्रजीच्या एका 'नो'मध्ये तो बुडतो. आणि निम्मे शब्द तरी मागण्याचे नसावेत. 'अय्या', 'गंमत', 'जा तिकडे', 'दुखतंय' हेही बोलणंच आहे.

एवढं झालं की टॅब. महागडा नको. पडदा दहा इंचाच्या आसपास आणि आवाज मोठा असला की पुरे. अँड्रॉइडवर गूगलचं 'स्विच ॲक्सेस' वापरता येतं. काही फोनांत ते आधीपासून असतं, नसेल तर प्ले स्टोअरवरून घ्यावं. त्यात चौकट एकेका घरावरून आपोआप सरकते आणि मूल हव्या जागी बटण दाबतं. तुमचं बटण टॅबला जोडायचं कसं? सेल्फी काढायचा स्वस्त ब्लूटूथ रिमोट आणा. बहुतेक रिमोट टॅबला आवाज वाढवायच्या बटणासारखा संदेश पाठवतात, आणि स्विच ॲक्सेसला ते बटण नेमून देता येतं. रिमोट उघडून आतल्या बटणाच्या दोन पायांवर सॉकेट समांतर सोल्डर करा. त्रास दोन: थोडा वेळ वापरला नाही की रिमोट झोपतो आणि पहिला दाब नुसता त्याला उठवण्यात जातो. शिवाय आतला नाण्यासारखा सेल मुलाने गिळला तर जिवावर बेततं, म्हणून झाकण स्क्रूने बंद करा.

चौकटीचा वेग सुरुवातीला इतका मंद ठेवा की तुम्हालाच कंटाळा यावा. घरं चारच. थरथरत्या हाताने एकदा दाबताना तीनदा लागत असेल, तर सलग दाबांमध्ये उसंत ठेवायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती वाढवा. मराठीत चित्रांवरून बोलणारं 'जेलो' हे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं मोफत ॲप आहे, सुरुवातीला ते पुरतं. ज्या ॲपमध्ये आपला आवाज भरता येतो तिथे यंत्राच्या आवाजाऐवजी त्याच वयाच्या चुलत-मामे भावंडाचा आवाज भरा. सात वर्षांच्या मुलीच्या तोंडी बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज विचित्र वाटतो, आणि "मी जातो" की "मी जाते" हा घोळही टळतो.