न पडणारी सावली

तेरा वर्षं यात्रेच्या बस घेऊन मी तमिळनाडूत, चोळ राजांच्या जुन्या मुलखात जातोय. मदुराईहून तंजावर, कुंभकोणम, चिदंबरम असा आमचा ठरलेला फेरा. तिथला पहिला धडा म्हणजे देव दुपारी झोपतात. साडेबाराच्या सुमारास गाभारा बंद झाला की चारपर्यंत कुणाची ओळख चालत नाही.

त्या जानेवारीत चौतीस माणसं होती. मदुराईहून पहाटे निघालो, दहाला तंजावर गाठायचं होतं. पुदुकोट्टईच्या अलीकडे टायर बसला आणि स्टेपनीतही हवा नव्हती. पंक्चरवाला शोधून आणेपर्यंत माणसं चिडू नयेत म्हणून मी माईक घेतला. तंजावरच्या बृहदीश्वर देवळाबद्दलचं माझं भाषण पाठ आहे. राजराजा चोळाने बांधलं, 1010 साली कलश चढला, विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, दोनशे फुटांहून उंच. आणि शेवटी आवाज खाली आणून, ‘मंडळी, या देवळाची सावली जमिनीवर पडत नाही!’

या वाक्याला बसमध्ये दरवेळी ‘अरे वा’ येतं. त्या दिवशीही आलं. मला हे पहिल्या वर्षी एका जुन्या मॅनेजरने सांगितलं होतं. तपासायचं कधी सुचलं नाही, कारण मी तिथे नेहमी सकाळीच असतो. सकाळी सावली देवळाच्या मागे, पश्चिमेला जाते आणि माझी माणसं पुढच्या दाराशी रांगेत असतात.

पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. गाभारा बंद. ‘एवढ्या लांब येऊन दार बघायचं?’ असं एका काकांनी विचारलं, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आचाऱ्याने पिठलं-भात केला होता म्हणून थोडक्यात निभावलं.

तीनच्या सुमारास पुन्हा आवारात. चपला बाहेर, आणि अंगणभर तापलेली फरसबंदी. ‘मोजे जवळ ठेवा’ हे मी रोज घसा फोडून सांगतो. निम्मे लोक विसरतात, मग तव्यावरच्या लाह्यांसारखे उडत जातात. डोकी मोजली तर तेहतीस. वाईच्या आजी नव्हत्या. शहात्तर वर्षांच्या, हातात काठी. नंदीच्या मंडपात नाहीत, गणपतीपाशी नाहीत. माझ्या पोटात गोळा आला.

सापडल्या उत्तरेच्या अंगणात, फरशीवर पाय पसरून, खडीसाखर चघळत.

‘या, बसा. इथला दगड गार आहे.’

बसलो. खरंच गार होता.

‘ही सावली कुणाची हो, मॅनेजर?’

मी वर पाहिलं, मग खाली. पायऱ्यापायऱ्यांची ती आकृती फरशीवर तिरकी पसरली होती, टोकाला घुमटाचा गोल.

‘देवळाची,’ मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

‘पडते की मग.’

एवढंच. दूध उतू गेलंय हे सांगावं तशा आवाजात. तेवढ्यात बाकीची मंडळी पाय चोळत आली आणि ‘न पडणाऱ्या’ सावलीत सगळी बस मावली. मघाचे काका म्हणाले, ‘मॅनेजर, तुम्ही उन्हात उभे राहा. तुमच्यासाठी पडत नाही ना ती!’ दिवसभरात पहिल्यांदा सगळे हसले, माझ्यावर का होईना.

‘आता खरं असेल ते सांगा,’ आजी म्हणाल्या.

मग माईकशिवाय सांगितलं. आसपास डोंगर नाही, खाण नाही. हा सगळा दगड लांबून ओढत आणलेला. बाहेरच्या जोत्यावर कोरलेली तमिळ अक्षरं म्हणजे देवळाची वहीच. आम्ही दिलेलं, आमच्या थोरल्या बहिणीने दिलेलं, राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं दगडावर कोरा, असा राजराजाचा हुकूम त्यात आहे. चारशे नर्तकींची नावंही आहेत. ‘राण्यांच्या आधी बहीण?’ आजींनी दोनदा विचारून घेतलं आणि शेजारच्या बाईंना कोपर मारलं.

आणि मग मला ती भिंत आठवली. म्हणजे ठाऊक होतीच, पण घड्याळापुढे तिथे कधी कुणाला नेलं नव्हतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी तंजावरला आले, त्यांच्या घराण्याने 1855 पर्यंत इथे राज्य केलं. त्यातल्या दुसऱ्या सरफोजींनी 1803 मध्ये भोसले कुळाची हकिकत याच देवळात कोरून घेतली. मराठीत, देवनागरीत.

नैर्ऋत्येकडे नेलं. आजींनी चष्मा पुसला. शब्द एकमेकांना चिकटलेले, कुठे तोडायचं कळत नाही; त्या बोट हवेत धरून अक्षर अक्षर लावत राहिल्या. ‘राजे’ लागलं तेव्हा मोठ्याने म्हणाल्या. मग काका पुढे झाले, मग त्यांची सून. एकाला शब्द लागला की दुसरा पुढचा सांगे. सबंध ओळ कुणालाच लागली नाही. चार वाजले, गाभारा उघडला, मी दोनदा हाका मारल्या. दुपारच्या बंद दारावरून भांडलेले काका म्हणाले, ‘थांबा हो, एवढी ओळ होऊ दे.’

दर्शन झालं, निघायला अंधार पडला. कुंभकोणमच्या रस्त्यावर मी सवयीने माईक उचलला. ‘उद्या दारासुरमचं देऊळ. तिथे दगडी पायऱ्या आहेत, त्यांतून सप्तसूर...’

तिसऱ्या सीटवरून आवाज आला, ‘ऐकलेत का तुम्ही?’

‘नाही, आजी,’ मी म्हणालो. ‘त्यांना लोखंडी जाळी आहे.’