पन्नास पंडितांसमोर उभी राहिलेली मुलगी

दिवाळीत भुईचक्र लावलं ना की मला अजून आपल्या इतिहासाच्या बाई आठवतात. कारण आठवीच्या सहलीत त्यांनीच सांगितलं होतं की इंग्रजीत अशा गरगर फिरणाऱ्या फटाक्याला कॅथरीन व्हील म्हणतात, आणि ते चक्र एका मुलीला मारायला बनवलेलं होतं.

सहल जुन्या गोव्याला होती, पहाटे चारला शाळेच्या पटांगणातून एसटी सुटली, अर्ध्या मुलींना घाटात उलट्या, आणि से कॅथेड्रल या मोठ्या चर्चच्या आत शिरल्यावर मात्र सगळ्या एकदम गप्प. केवढं ते देऊळ! (आम्ही तेव्हा देऊळच म्हणायचो.) १५६२ ला काम सुरू झालं, बांधकाम १६१९ पर्यंत चाललं, दोन बुरुजांपैकी एक १७७६ मध्ये पडला तो परत बांधलाच नाही. समोरच्या मुख्य वेदीवर सोन्याचा मुलामा, आणि तिथे लाकडात कोरलेले प्रसंग तिच्या आयुष्यातले, संत कॅथरीनचे. बाई आम्हाला तिथे खाली बसवून हळू आवाजात गोष्ट सांगायला लागल्या.

इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया, चौथ्या शतकाची सुरुवात. मोठ्या घरची मुलगी, वय जेमतेम अठरा, भरपूर शिकलेली. रोमन सम्राट मॅक्सेन्टियस ख्रिस्ती लोकांचा छळ करत होता तर ही सरळ त्याच्यासमोर जाऊन बोलली. तिला गप्प करायला त्याने पन्नास पंडित बोलावले, आणि वादात ते पन्नासही हरले, एवढंच नाही तर तिचं म्हणणं त्यांना पटलं. मग खिळ्यांचं चक्र आणलं, ते तिचा हात लागताच मोडलं, शेवटी तलवारीने मान कापली. देवदूतांनी तिचा देह सिनाई पर्वतावर नेऊन ठेवला असं सांगतात.

मी तेव्हा वर्गात तोंड उघडत नसे. उत्तर माहीत असलं तरी हात वर जायचा नाही. पण त्या दिवशी मी विचारलं, बाई, त्या पन्नास जणांचं पुढे काय झालं? बाई म्हणाल्या, राजाने जाळलं गं त्यांना. आणि थोडं थांबून म्हणाल्या, चांगलं विचारलंस. परतीच्या अख्ख्या प्रवासात मला दुसरं काही सुचत नव्हतं.

नंतर मोठी झाले तसं वाचत गेले. सिनाईच्या पायथ्याशी सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधलेला मठ आजही तिच्या नावाने चालू आहे, तिथल्या ग्रंथालयात फार जुनी हस्तलिखितं आहेत, आणि यात्रेकरूंना तिच्या नावाची अंगठी द्यायची परंपरा आहे. विद्यार्थी, शिक्षक, तत्त्वज्ञ, लग्न न झालेल्या मुली सगळ्यांची ती रक्षक संत. पॅरिसमध्ये पंचवीस वर्षांच्या अविवाहित मुली २५ नोव्हेंबरला, म्हणजे तिच्या सणाला, हिरव्या-पिवळ्या टोप्या घालायच्या. फ्रान्ससाठी लढलेल्या जोन ऑफ आर्कला तिचाच आवाज ऐकू यायचा, आणि १४३१ च्या खटल्यात जोनही अशीच विद्वानांच्या घोळक्यात एकटी उत्तरं देत होती. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं बराच वेळ.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. २५ नोव्हेंबर १५१० ला पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने गोवा जिंकला, तिचा दिवस म्हणून विजय तिच्या नावावर घातला, तिथे तिचं चॅपल उभारलं. त्या दिवसांत शहरात केवढी कत्तल झाली. जिने नुसत्या बोलण्याने पन्नास जण जिंकले तिचं नाव तलवारीला जोडलं, हे मला आजही पटत नाही.

आणि ती खरंच होऊन गेली का? तिच्या काळातली एकही नोंद मिळत नाही. १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने तिचा दिवस संतांच्या सणांच्या सर्वसाधारण पंचांगातून काढला आणि २००२ ला परत घेतला. काढल्याचं कळलं तेव्हा मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण ती माझ्यासाठी त्या वेदीसमोरच्या थंड फरशीवर खरी झाली होती, बाईंच्या आवाजात, ते कुठलं पंचांग पुसणार.

नववीत वक्तृत्व स्पर्धेला मी तिच्यावर बोलले. पाय लटपटत होते, नंबर आला नाही, पण भाषण मधे न थांबता पूर्ण केलं. त्या भाषणाची वही आहे माझ्याकडे. अलेक्झांड्रिया मी चार ठिकाणी चार तऱ्हेने लिहिलंय, बाईंनी लाल पेनने चारही दुरुस्त केलेत, आणि खाली समासात लिहिलंय, "आवाज मागच्या बाकापर्यंत आला."