बाबांची गोळ्यांची चिठ्ठी

गेल्या पावसाळ्यात बाबांना (वय ७९) रात्री अंगभर पित्त उठलं. आमसूल चोळून झालं, खाज काही थांबेना, म्हणून रिक्षा करून कॅज्युअल्टीत. आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टर, बिचारा एकटा, शेजारी अ‍ॅक्सिडेंटच्या दोन केसेस, त्याने बीपी-शुगर विचारलं, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का विचारलं, फेनिरामीनचं इंजेक्शन दिलं, अकराला आम्ही घरी.

पहाटे तीनला बघते तर बाबा चपला शोधतायत. दादरची लोकल चुकेल म्हणे! रिटायर होऊन २१ वर्षं झाली. पोट टम्म, लघवी तुंबलेली. परत तिथेच, मग कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी.

प्रोस्टेटची गोळी चालू आहे हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, मला वाटलं खाजेचा आणि त्याचा काय संबंध. तर संबंध असा की अ‍ॅलर्जीची ही जुन्या पिढीतली औषधं म्हाताऱ्या माणसाची लघवी अडवतात आणि डोकंही भरकटवतात. सेटिरिझिनसारखी नवी त्या मानाने बरी.

मग मी वाचतच सुटले. मार्क बिअर्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९९१ मध्ये नर्सिंग होममधल्या वृद्धांसाठी अशी जपून द्यायच्या औषधांची यादी काढली, पुढे ती सगळ्याच ६५ च्या वरच्यांसाठी झाली. मी २०२३ ची वाचली. त्यात हा गट आहे, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या आहेत, रोज घेतलेल्या आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलर आहेत. अर्थात अ‍ॅलर्जी जिवावर बेतली तर असलं इंजेक्शन चालतं असंही त्यात आहे, म्हणजे यादी दाखवून डॉक्टरशी भांडायला जाऊ नका.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांमध्ये इक्विप्ड नावाचा प्रोग्राम आहे, खास इमर्जन्सीतून घरी जाणाऱ्या वृद्धांच्या औषधांसाठी. डॉक्टरांना शिकवतात, कॉम्प्युटरवर वयाला सोसतील अशा ऑर्डर आधीच तयार ठेवतात, आणि आपण किती वेळा नको ती औषधं लिहिली याचा हिशोब ज्याचा त्याला दाखवतात. हे शेवटचं मला जाम आवडलं, कारण आमच्या आरएमओला पहाटे काय झालं ते कधी कळलंच नसणार, तोवर ड्युटी बदललेली.

आता बाबांच्या मोबाईलच्या कव्हरमागे चिठ्ठी असते. गोळी, डोस, किती वाजता, शेवटचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी). परवा काढून बघितली तर खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, 'ईनो, रोज २'. बीपीच्या माणसाने रोज दोनदा एवढं सोडियम, आणि मला आज कळतंय.